मातृभाषेच्या रकान्यात खरे उत्तर लिहिले जावे

संपादक महोदय,

पुढील जनगणनेची संदर्भ तारीख, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरली जाते ती, १ मार्च २०२७ अशी जाहीर झाली आहे. जनगणनेत १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची नोंद होणार असल्यामुळे सारी चर्चा जातीच्या रकान्याभोवती फिरते आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु सोलापूरसारख्या शहरात कोण लोक राहतात हे खरोखर जाणून घ्यायचे असेल, तर मातृभाषेचा रकाना जातीच्या रकान्याइतकाच महत्त्वाचा आहे. तो आजवर किती निष्काळजीपणे भरला गेला याचा मी साक्षीदार आहे, आणि प्रगणक म्हणून त्या निष्काळजीपणाचा वाटेकरीही आहे. म्हणून हे पत्र.

२०११ च्या जनगणनेनुसार सोलापूर महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ९ लाख ५१ हजार ५५८ होती. मुंबई-पुण्याच्या मानाने हे शहर लहान, पण त्याची घडण मोठी गुंतागुंतीची आहे. ग्रामदैवत सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातील शिवशरण, म्हणजे शिवभक्त संत, असून त्यांची वचने कन्नडमध्ये आहेत. शहराच्या जुन्या पेठांतील असंख्य लिंगायत घरांत आजही सासू-सुना कन्नडमध्ये बोलतात आणि दारात आलेल्या भाजीवाल्याशी मराठीत. १८७७ मध्ये येथे पहिली कापड गिरणी, आपली ‘जुनी मिल’, उभी राहिली. त्याच सुमाराचे दुष्काळ आणि निजामाच्या राज्यातील विणकरांची हलाखी यांमुळे तेलंगणातून पद्मशाली कुटुंबे येत राहिली. हातमाग, गिरणी, यंत्रमाग आणि स्त्रियांच्या हाती विडी, असा त्यांचा प्रवास ‘पूर्व भाग’ या नावाने शहराच्या नकाशावर कायमचा उमटला आहे. त्यांच्या जोडीला उर्दू आणि दखनी बोलणारी मुस्लिम वस्ती, तेलुगू बोलणारा मोची समाज, गुजराती आणि मारवाडी व्यापारी, वडार, कैकाडी, लमाण, आणि अर्थातच चहूबाजूंच्या तालुक्यांतून आलेली मराठी भाषक कुटुंबे. भाषण करताना आपण हे सारे अभिमानाने सांगतो. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फासावर गेलेल्या हुतात्मा मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांची नावे घेताना हे चौघे चार समाजांतले होते, याची आठवण करून देतो. मोजण्याची वेळ आली की मात्र आपली दृष्टी अंधुक होते.

फेब्रुवारी २०११ मध्ये शिक्षक या नात्याने माझ्याकडे प्रगणकाचे काम होते. पूर्व भागातील एका गल्लीत एका घराच्या उंबऱ्यावर बसून मी अर्ज भरत होतो. कुटुंबप्रमुख माझ्याशी उत्तम मराठीत बोलत होते. आत एक वृद्ध बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या आणि नातवाला तेलुगूत काहीतरी सांगत होत्या. तो त्यांना ‘अव्वा’ म्हणत होता. मातृभाषेचा प्रश्न आला तेव्हा कुटुंबप्रमुख म्हणाले, “मराठीच लिहा सर. पोरं मराठी शाळेत जातात, मी मराठीतच बोलतो, आता आणखी काय?” मी सातही जणांपुढे मराठी लिहिले. नियम असा की सांगणाऱ्याने जे सांगितले ते लिहायचे, त्याच्याशी वाद घालायचा नाही. तो मी पाळला, असे स्वतःला समजावता येते. पण त्याच नियमावलीत मातृभाषेची व्याख्याही दिलेली आहे: बालपणी आई जी भाषा त्या व्यक्तीशी बोलत असे ती, आई लहानपणीच गेली असेल तर बालपणी घरात प्रामुख्याने बोलली जाणारी भाषा. प्रश्न प्रत्येक व्यक्तीसाठी स्वतंत्रपणे विचारायचा असतो. मी व्याख्या सांगितली नव्हती, त्या वृद्ध बाईंना वेगळे विचारले नव्हते, आणि पुढच्या कित्येक घरांत तर दारातले मराठी ऐकून रकाना आपणहून भरून टाकला. काम वेळेत संपवायचे होते, एवढेच त्याचे कारण.

एकाच घरात दोन मातृभाषा असू शकतात, हेही पुष्कळांना पटत नाही. सासू कन्नड, सून बार्शीची मराठी. मग नातवंडांची मातृभाषा व्याख्येप्रमाणे मराठी आणि त्यांच्या वडिलांची कन्नड. यात विसंगती काहीच नाही, सोलापूरची वस्तुस्थितीच तशी आहे. धर्मावरून मातृभाषा ठरवू नये, अशीही प्रगणकांना स्पष्ट सूचना असते. तरीही मुस्लिम घर दिसले की ‘उर्दू’ लिहून मोकळे होणारे सहकारी मी पाहिले आहेत, मग त्या घरातली आई मुलांशी मराठीत का बोलत असेना.

यामुळे बिघडते काय, असे विचारले जाईल. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०-क सांगतो. वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुले असतील तर त्यांच्या भाषेत शिकवण्याची व्यवस्था करावी, हा १९४९ पासूनचा मान्य दंडक आहे. एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्के किंवा अधिक असेल, तर महत्त्वाच्या शासकीय सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे ठरलेले आहे. हे सारे आकड्यांवर उभे आहे. आकडाच चुकला तर तेलुगू किंवा कन्नड माध्यमाचा एखादा वर्ग बंद होताना ‘मागणीच नाही’ हे उत्तर कागदोपत्री खरे ठरते. विडी कामगार स्त्रीला तिच्या भविष्य निर्वाह निधीचा कागद कोणत्या भाषेत समजेल, हा प्रश्न मग कोणी विचारतही नाही.

खरे उत्तर न देण्यामागे केवळ आळस नाही, भीतीही आहे, आणि तिला इतिहास आहे. सीमावाद सोडवण्यासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरचा भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्याला, म्हणजे आजच्या कर्नाटकाला, देण्याची शिफारस केली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी सोलापूर-अक्कलकोटचा विषय पुन्हा काढला. अशा वातावरणात ‘कन्नड’ असे लिहिले तर आपण महाराष्ट्राच्या विरोधात काही कबूल करतो की काय, असे घराघरांत वाटते. तेलुगू घरांना वेगळी धास्ती आहे: दीडशे वर्षे येथे राहूनही कोणी ‘बाहेरचे’ म्हणेल ही. मला हे दोन्ही समजते, पण मान्य नाही. बेळगावातील मराठी माणूस त्याच १५ टक्क्यांच्या नियमाचा आधार घेऊन मराठीत परिपत्रके मागतो, तेव्हा आपण सारे त्याच्या पाठीशी उभे राहतो. सोलापुरातील तेलुगू किंवा कन्नड माणसाला तोच न्याय आपण नाकारू शकत नाही.

सर्वांत जास्त नुकसान लहान भाषांचे होते. येथील सेटलमेंट भागात, म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना कोंडून ठेवलेल्या जुन्या वसाहतीत, कैकाडी बोलणारी कुटुंबे आहेत. गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांच्यावर जन्मतःच शिक्का मारला आणि तो कायदा १९५२ मध्ये रद्द होईपर्यंत पिढ्या तारेच्या कुंपणाआड गेल्या. आपली भाषा चारचौघांत बोलायची नाही, ओळख पटते, असे लहानपणी घरी बजावले जाई, हे तेथील एका वयोवृद्ध गृहस्थांनी मला सांगितले होते. २०११ मध्ये देशभरात लोकांनी सांगितलेली मातृभाषांची १९ हजार ५६९ नावे छाननीनंतर १ हजार ३६९ मातृभाषांत आणि पुढे १२१ भाषांत गटवली गेली. त्यात कैकाडी तमिळखाली, वडारी तेलुगूखाली आणि लमाणी हिंदीखाली मोजली जाते. हे वर्गीकरण भाषातज्ज्ञांनी तपासावे. पण मूळ नोंदीतच ‘मराठी’ लिहिले गेले, तर तपासायलाही काही उरणार नाही.

माझी जिल्हा प्रशासनाला आणि महापालिकेला विनंती आहे की प्रगणकांच्या प्रशिक्षणात मातृभाषेची व्याख्या उदाहरणांसह शिकवावी, आणि पूर्व भाग, जुन्या पेठा, सेटलमेंट येथे त्या त्या भाषा जाणणारे शिक्षक नेमावेत. या वेळी स्वतःची माहिती स्वतः भरण्याची डिजिटल सोयही असणार आहे. तिथे अर्ज भरणारा बहुधा घरातला तरुण मुलगा असेल. त्याने आजीला, आईला, बायकोला विचारून मगच त्यांचे उत्तर लिहावे. आपल्या वृत्तपत्राने ती व्याख्या मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चारही भाषांत एकदा छापली, तर ती पुष्कळ घरांपर्यंत पोहोचेल.

मी एकतीस वर्षे सोलापुरात मराठी हा विषय शिकवला. माझी आई तेलुगू होती, आणि शेवटपर्यंत माझ्याशी तेलुगूतच बोलली. मला आठवते तेव्हापासून आमच्या घराची नोंद मराठी अशीच होत आली आहे आणि ती दुरुस्त करावी असे मला कधी वाटले नव्हते. फेब्रुवारी २०२७ मध्ये प्रगणक दारात आला की मी मातृभाषेच्या रकान्यात ‘तेलुगू’ आणि अवगत भाषांच्या रकान्यात ‘मराठी’ लिहायला सांगणार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर