नव्या ‘फ्लाइंग फ्ली’ला आमचा पाना लागेल का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रॉयल एन्फिल्डने नोव्हेंबर २०२४ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात विजेवर चालणारी ‘फ्लाइंग फ्ली’ मांडली, तेव्हापासून तिचे फोटो सारखे बघायला मिळतात. फोटो झकास आहेत, नाही म्हणणार नाही. गोल चकतीचा डिस्प्ले, जुन्या घाटाचा पुढचा ‘गर्डर’ फोर्क, बॅटरीच्या पेटीला इंजिनासारख्या फिन्स. नातवाने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाला, “आबा, तुमच्या मिलिटरीची गाडी परत येतीय.” म्हटलं, बाळा, ही आमच्या नव्हे, साहेबाच्या मिलिटरीची.

मी ईएमईत, म्हणजे लष्कराच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, व्हेइकल मेकॅनिक होतो. १९७४ साली भरती, सिकंदराबादला ट्रेनिंग, नंतर पठाणकोटकडच्या एका युनिटच्या एलएडीत, म्हणजे युनिटबरोबरच्या छोट्या दुरुस्ती पथकात, बरीच वर्षं. म्हणून हे पत्र लिहायचं धाडस करतोय.

मूळ ‘फ्लाइंग फ्ली’ म्हणजे उडती पिसू. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी इंग्लंडात रेडिचच्या कारखान्यात बनलेली, १२५ सीसीची टू-स्ट्रोक गाडी. वजन साठ किलोच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या गव्हाच्या पोत्यापेक्षाही कमी. तीन गिअर, तेही हाताने टाकायचे. पुढच्या फोर्कला स्प्रिंग नाही, रबराच्या पट्ट्या. नळ्यांच्या पिंजऱ्यात बसवून ती पॅराशूटने खाली टाकायचे, नाहीतर ग्लायडरमधून न्यायचे. १९४४ साली हॉलंडमधल्या आर्नहेमच्या लढाईत ती होती. वाटेत चर आला, कुंपण आलं, तर गाडी उचलायची आणि पलीकडे ठेवायची.

हिचा जन्मही ऐकण्यासारखा आहे. रॉटरडॅमच्या एका ज्यू व्यापाऱ्यांकडे जर्मन डीकेडब्ल्यू कंपनीच्या हलक्या गाडीची एजन्सी होती. नाझींच्या राज्यात ती हातची गेली. मग ते रेडिचला आले आणि म्हणाले, अशीच गाडी तुम्ही आम्हाला करून द्या. कारखान्याने जवळजवळ तशीच करून दिली. थोडक्यात, नक्कल म्हणून जन्मली, फेकून द्यायची वस्तू म्हणून लढाईत गेली. तिला मान नव्हता, काम होतं.

आता तोच गर्डर फोर्क घडीव ॲल्युमिनियमचा होऊन परत आलाय. पूर्वी तो कामापुरता होता, आता दिसायला भारी वाटतो म्हणून आहे. हौसेला मोल नसतं, चालायचंच. माझं म्हणणं दुसरं आहे.

आमच्या वाट्याला आली ती ३५० ची बुलेट. १९५५ पासून मद्रासला जुळणी सुरू झाली आणि पलटणीत डीआर, म्हणजे निरोप पोचवणारा डिस्पॅच रायडर, म्हटला की ही गाडी, हे समीकरणच झालं. नव्या पोरांना ती स्टार्ट करायला शिकवणं माझ्याकडे असायचं. चावी फिरवायची, किक हळूहळू दाबत न्यायची आणि डोळे अ‍ॅमीटरवर ठेवायचे. विजेचा प्रवाह दाखवणारा त्याचा काटा डावीकडे कललेला असतो, तो मधोमध आला की पिस्टन वर आला समजायचं. मग डाव्या हाताखालचा, सिलिंडरमधला दाब सोडणारा डीकॉम्प्रेसर ओढून किक इंचभर पुढे सरकवायची, डीकॉम्प्रेसर सोडायचा, किक पूर्ण वर येऊ द्यायची आणि मग पूर्ण वजन टाकून एकच लाथ. ज्याने काट्याकडे बघितलं नाही त्याच्या नडगीवर किक उलटी यायची. माझ्या उजव्या पायावर अजून वळ आहे, बायको त्याला ‘पदक’ म्हणते.

ठिणगी पाडणारे पॉइंट घासले, गाडी फटफट करायला लागली आणि फट मोजायचं फीलर गेज हाताशी नसलं, तर सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा मध्ये घालून फट लावायची. पुस्तकात हे नाही. पण गाडी पुढच्या चौकीपर्यंत जायची, आणि तिथून परत यायची. का? कारण तिचं पोट उघडता येत होतं. दोन पाने, एक पक्कड, एक स्क्रू ड्रायव्हर. माझी पेन्शन झाली तेव्हा त्याच हत्यारांवर गावात गॅरेज टाकलं, दोन मुलींची लग्नं त्यावर केली.

विजेच्या गाडीला माझा विरोध नाही, उलट आहे ते कौतुकच. बुलेटखाली रोज सकाळी तेलाचा गोल डाग पुसण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला ऑइल नाही, क्लच नाही, चेन ताणायची नाही हे ऐकून बरंच वाटतं. नातवाने दोन वर्षांपूर्वी विजेची स्कूटर घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही. एका संध्याकाळी घाटाच्या पायथ्याला ती बंद पडली. टेम्पोत घालून घरी आणली. मी चष्मा लावून बसलो. तीन साधे स्क्रू निघाले आणि चौथ्याला माझ्याकडच्या एकाही हत्याराचं तोंड बसेना. आत एक काळी पेटी, चारही बाजूंनी सीलबंद. डिस्प्लेवर एक आकडा लुकलुकत होता. त्याचा अर्थ विचारायला फोन केला तर उत्तर मिळालं, “तो कोड फक्त आमच्या टेक्निशियनला कळतो.” टेक्निशियन जिल्ह्याच्या ठिकाणी. गाडी तेवीस दिवस तिथे पडून होती. शेवटी काय निघालं? एक कनेक्टर सैल झाला होता, असं त्यांच्याच पोराने नातवाला हळूच सांगितलं. बिल मात्र ‘सिस्टिम चेक’चं.

तेव्हा जुनं नाव परत येतंय म्हटलं की मी आधी विचारतो, नावाबरोबर काय काय परत येतंय? अमेरिकेत ग्लेन कर्टिस म्हणून एक अवलिया होता. त्याने १९०७ साली फ्लोरिडात समुद्राच्या वाळूवर आठ सिलिंडरची मोटरसायकल ताशी १३६ मैलांनी पळवली. २०१७ साली अमेरिकेतल्याच एका दुसऱ्या कंपनीने त्याचं नाव घेतलं आणि विजेच्या गाड्या करायला घेतल्या. एका गाडीची किंमत तर सुरुवातीलाच ऐंशी हजार डॉलरच्या घरात होती. त्या दिवाणखान्यात ठेवायच्या वस्तू आहेत, त्यांच्याशी आपलं भांडण नाही. पण ‘फ्लाइंग फ्ली’, ‘चेतक’, ‘लूना’ ही नावं दिवाणखान्यातली नव्हेत. चेतक १९७२ सालची, लूनाही त्याच साली आली. दूधवाला, पोस्टातला माणूस, शाळामास्तर, यांच्या बुडाखालच्या या गाड्या. चेतक २०२० मध्ये विजेवर परतली आणि पत्र्याची बॉडी राखली, हे मला आवडलं. पत्रा निदान ठोकून सरळ करता येतो. मी स्वतः डझनावारी चेतक आडव्या पाडून सुरू केल्यात, तो नवससुद्धा आता कोणाला आठवत नाही.

दिल्लीच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं. त्यात मोटारगाड्यांचं क्षेत्रही आहे. कल्पना फार चांगली. पण पोर्टलवर कंपनीचा पत्ता आणि फोन मिळाला म्हणून माझ्या नातवाच्या गाडीतला कनेक्टर बसत नाही. हवा तो वायरिंगचा नकाशा, एरर कोडची यादी आणि सुटे भाग गावातल्या गॅरेजवाल्याला विकत घ्यायची मुभा. बॅटरीला हात लावू नका म्हणाल तर मान्य आहे. एवढ्या दाबाच्या विजेशी अडाण्याने खेळू नये, त्यात जीव जातो. त्यासाठी आयटीआयच्या पोरांना ट्रेनिंग द्या, परवाना द्या. आमच्या काळी बुलेटचं सर्व्हिस मॅन्युअल युनिटात पडलेलं असायचं, चहाचे डाग पडलेलं, पण असायचं.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. नव्या गाडीचा परिचय छापताना रंग, वेग, किती किलोमीटर जाते हे तुम्ही आवर्जून देता. त्याच्या खाली आणखी चार ओळींना जागा करावी. वॉरंटी संपल्यावर बॅटरी कितीला पडेल? मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर वेगळा विकत मिळतो का? कंपनीने उद्या दुकान गुंडाळलं तर गाडीतलं सॉफ्टवेअर चालू राहील का? आणि बाहेरचा मेकॅनिक ती उघडू शकतो का? नव्या ‘फ्लाइंग फ्ली’बद्दल याची उत्तरं कंपनीकडून मिळवून छापलीत तर माझ्यासारखे पुष्कळ जण कात्रण काढून ठेवतील.

नातू बुकिंगच्या गोष्टी बोलायला लागलाय. त्याला सांगितलंय, शोरूममध्ये जाशील तेव्हा मला घेऊन जा, आणि चक्कर मारायच्या आधी सेल्समनला म्हण, जरा सीट काढून दाखवा.

आपला,
एक माजी सैनिक (ईएमई)
कोरेगाव, जि. सातारा