ताई, तुम्ही गाणं संपू दिलंत

ताई, नमस्कार.

काल रात्रीचा प्रयोग सुटला तेव्हा उजाडायला आलं होतं, आणि माझा उजवा अंगठा जाग्यावर होता. म्हणजे बधिर नव्हता. माझा दुखरा हात तुम्ही तपासला होतात, म्हणून झोपायच्या आधी हे तुम्हाला लिहायला बसलो.

मी झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकांत, कीबोर्ड वाजवतो. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की वडसा, ब्रह्मपुरी, लाखांदूरकडे रात्रभर नाटक, आणि दुपारी घरी कॉम्प्युटरवर भजनाचे ट्रॅक. रात्री पट्ट्या, दिवसा माऊस. अंगठा आणि बाजूच्या दोन बोटांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा लोक म्हणाले, "बोटं नाचवून का कोणाचा हात दुखते बाप्पा?" एका डॉक्टरांनी मान वर न करता इंजेक्शन लिहिलं. शहरातल्या दुसऱ्यांनी एक्स-रे काढून पैसे घेतले आणि म्हणाले, वाजवणं सोडा. जसं काही मी तंबाखू खातो!

तुमच्याकडे आलो तर तुम्ही टेबलावरच्या फाइली उचलून खाली ठेवल्या, फडकं मारलं आणि म्हणालात, "हा तुमचा कीबोर्ड समजा. वाजवा." मी कोऱ्या सनमायक्यावर नांदी वाजवायला घेतली. आवाज काहीच नाही, नुसती बोटांची टकटक. तुम्ही माझ्या तोंडाकडे नाही, कोपराकडे पाहत होतात. मधेच शिपाई पुढचा पेशंट घेऊन आत आला. तुम्ही हात वर केलात, "थांबा दादा, गाणं संपू द्या."

ताई, जे गाणं तुम्हाला ऐकूच येत नव्हतं, ते तुम्ही संपू दिलंत. इथे समोर मोठमोठे बॉक्स लावून वाजवतो, तरी लोक मधेच उठून चहाला जातात.

नंतर तुम्ही समजावलं, की मनगटातल्या चिंचोळ्या वाटेने बोटं हलवणाऱ्या ९ दोऱ्या, म्हणजे कंडरा, आणि एक नस जाते, आणि मनगट मोडून ठेवलं की त्या नसेवर दाब येतो. माझा स्टँड उंच, खुर्ची बुटकी, म्हणजे मनगट रात्रभर मोडलेलंच. आता प्लास्टिकच्या खुर्चीवर दुसरी खुर्ची चढवून बसतो. कोपर पट्ट्यांच्या बरोबरीला येतं. घरी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड समोर आणि माऊस त्याच्याही पलीकडे होता. आता माऊसचं काम असलं की कीबोर्ड बाजूला सारतो आणि माऊस अंगाजवळ घेतो.

पण खरं दुखणं तुम्ही एका प्रश्नात पकडलं. "इतकं जोरात कशाला ठोकता?" मी म्हटलं, ऑक्टोपॅडपुढे, म्हणजे त्या इलेक्ट्रॉनिक ड्रमपुढे, माझं मला ऐकू येत नाही. "मग ऐकू येईल असं करा ना, हाताला कशाला शिक्षा?" मालकाशी भांडून पायाशी माझं मला ऐकू येईल असा एक छोटा मॉनिटर स्पीकर लावून घेतला. कीबोर्डचा टच 'सॉफ्ट'वर ठेवला, हलक्या बोटानेही पुरेसा आवाज निघतो. कॉम्प्युटरवर तर वेलॉसिटी, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली त्याचा आकडा, १२७ च्या वर जातच नाही, ठोकून फायदा कोणाचा? हे आमच्या लाइनीत कोणी सांगत नाही. इथे जो जास्त ठोकतो तो दमदार!

आणखी एक. सोबत माझी आई होती. तिला कोणी पेशंट म्हणून आणलं नव्हतं. तुम्ही निघता निघता तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, "रोवण्याचे दिवस संपल्यावरही दुखते का हो, मावशी?" जन्मभर बांधीत वाकून धानाचा रोवणा केलेल्या बाईला हे पहिल्यांदा कोणी विचारलं. ती गावभर सांगत फिरते. माझं नाटक तिने इतकं कधी सांगितलं नाही.

पुढच्या मंडईला आमच्या गावी प्रयोग आहे. पुढच्या रांगेत तुमची खुर्ची धरून ठेवतो. पत्रिकेवर साडेनऊ छापतील, पडदा बाराच्या आत उघडणार नाही, तेव्हा आधी आमच्या घरी जेवायला या. आईने सांगितलंय. थंडी असते, शाल आणा.

तुमचा,
कीबोर्डवाला