माया आणि बोलकेपणा वेगळे मोजायला शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

घरोघरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या आम्हा स्वयंसेविकांना तुम्ही स्वभाव ओळखायला शिकवलंत, त्याबद्दल हे जाहीर आभार.

जी जास्त बोलते तिला माया जास्त, हा समज तुम्ही फळ्यावर दोन रेघा मारून खोडलात. स्वभाव पाच घटकांत मोजणाऱ्या पद्धतीत बहिर्मुखता एका रेघेवर मोजतात, दुसऱ्याविषयीची कणव वेगळ्या रेघेवर. म्हणजे अबोल आणि मायाळू, बोलकी आणि कोरडी, सगळ्या जोड्या सापडणारच. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये अंतर्मुख-बहिर्मुख हे प्रकार मांडले, तेही लाजाळू आणि धीट अशा अर्थाने नव्हे. मनाचा ओढा आत की बाहेर, एवढ्यापुरते.

स्वभावाचा प्रकार चार इंग्रजी अक्षरांत सांगणाऱ्या मायर्स-ब्रिग्ज चाचणीतल्या आयएसएफजे आणि ईएसएफजे या दोघी काळजीवाहूच, फरक पहिल्या एका अक्षराचा: आय म्हणजे अंतर्मुख, ई म्हणजे बहिर्मुख. पण ते अक्षर मोजपट्टीच्या मध्यावर रेघ मारून ठरतं. मध्याजवळच्या बाईची दोन-तीन उत्तरं बदलली की ती पलीकडच्या गटात. म्हणून अक्षर बघून पाळ्या लावू नका, हे तुम्ही बजावलंत ते फार बरं केलंत. त्यापेक्षा विचारावं: दोन तास पाहुण्यांत बसल्यावर हुरूप येतो की कधी एकदा घरी जाते असं होतं?

बहिर्मुख बाईला नातेवाइकांना समजावणं, डॉक्टरांना फोन करणं सहज जमतं. रुग्ण गप्प झाला की मात्र तिला आपलंच काही चुकलंसं वाटतं. मग सरबत्ती: चहा घेणार? उशी देऊ? टीव्ही लावू? तुमचा उतारा साधा. एक प्रश्न विचारायचा आणि मनात दहा आकडे मोजायचे.

अंतर्मुख बाईचं बिघडलेलं उशिरा कळतं. दर २ तासांनी कूस बदलायची वेळ ती चुकवत नाही, गालात दडवलेली गोळी तिलाच दिसते. पण ‘नाही’ म्हणणं तिला जड. सलग तिसरी रात्रही पत्करते, कुणीतरी आपणहून विचारेल म्हणून वाट बघते, आणि एक दिवस एखाद्या बशीवरून भडकते किंवा येणंच बंद करते. ‘कशी आहेस?’ला तिचं उत्तर ‘बरी’. ‘या आठवड्यात किती रात्री जागलीस?’ असं विचारलं की खरा आकडा बाहेर येतो.

पाळी बदलतानाची तीन ओळींची वहीही तुमचीच: काय खाल्लं, लघवी किती वेळा, आज वेगळं काय दिसलं. तिसरी ओळ अबोल बाईला सक्तीची, कारण पाहिलेलं ती आपणहून सांगत नाही. बोलकीने आधी लिहायचं, मग बोलायचं. नाहीतर गप्पांत आकडे हरवतात.

वहीचं एक कोरं पान सोबत जोडलं आहे. तिसऱ्या ओळीला जागा कमी पडते, तेवढी आखणी बदलून द्याल का?

आपल्या,
शुश्रूषा गटातल्या स्वयंसेविका