टिच फ्रीमन

पुणे, रविवार

प्रिय सुन्या,

परवा फोनवर म्हणालास, "पाच फुटी माणसाला कोण बॉल देतो?" हसत म्हणालास, पण मला कळलं. शाळेच्या टीममधून तुला उंचीवरून वगळलं होतं, ते अजून तुझ्या पोटात आहे. म्हणून तुझ्याच मापाच्या एका लेगस्पिनरची गोष्ट सांगतो.

आल्फ्रेड पर्सी फ्रीमन. उंची पाच फूट दोन इंच, म्हणून सगळे 'टिच' म्हणायचे. आपण 'बुटक्या' म्हणू तसं. जन्म 1888 चा, लंडनजवळच्या लुइशमचा. केंट या इंग्लिश काउंटी संघाकडून पहिली मॅच 1914 मध्ये, आणि त्याच उन्हाळ्यात महायुद्ध! क्रिकेट पुन्हा सुरू झालं तेव्हा गडी एकतिशीत. तुझ्यामाझ्यासारख्याने किट माळ्यावर टाकलं असतं.

यानं 1928 च्या एका सीझनमध्ये 304 विकेट काढल्या. वय चाळीस! जवळजवळ दोन हजार ओव्हर्स टाकल्या, मे ते सप्टेंबर, आठवड्याचे सहा दिवस. एका सीझनमध्ये तीनशे त्याच्याआधी कोणी घेतल्या नव्हत्या, नंतरही नाहीत. 1928 ते 1935 सलग आठ वर्षं दोनशेच्या वर, बेरीज 2090. बोटांचं काय झालं असेल रे? आपल्याला चार ओव्हर्सनंतर बोट सोलवटायचं, आठवतं?

आणि उंचीचं म्हणशील तर तीच त्याची पुंजी. बॉल खालून वर, बॅट्समनच्या डोळ्यांच्या वर जायचा. तो पुढे सरसावला की बॉल अचानक बुडायचा, टप्पा पडून बाहेर वळायचा, आणि मागे विकेटकीपर लेस एम्स बेल्स उडवायला हजर. केंटच्या स्कोअरकार्डवर 'स्टम्प्ड एम्स, बोल्ड फ्रीमन' ही ओळ इतकी यायची की ते दोघांचं जोडनावच वाटावं.

आता तुला राग येईल असं सांगतो. टेस्ट फक्त 12, विकेट 66. इंग्लंडमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकही नाही. 1930 मध्ये ब्रॅडमन 974 रन्स कुटत होता; इंग्लंडने रॉबिन्स, पीबल्स, टिल्डस्ली असे तीन लेगस्पिनर आजमावले, आणि त्या सीझनमध्ये 275 विकेट घेणारा फ्रीमन काउंटीतच राबत होता. लोक म्हणतात, क्रीझला खिळलेल्या बॅट्समनना तो मामा बनवायचा, पाय वापरणाऱ्यांपुढे त्याची जादू चालत नसे. त्यात तथ्य आहे, 1924-25 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातल्या दोन टेस्टमध्ये त्याला आठच विकेट मिळाल्या होत्या. तरी माझं मत सांगू? एक टेस्ट द्यायला काय जात होतं? ब्रॅडमनपुढे बाकीच्यांनी तरी काय दिवे लावले?

1936 मध्ये, वय अठ्ठेचाळीस, त्या वर्षीही शंभरावर विकेट, आणि केंटने त्याला मोकळं केलं. कारकिर्दीच्या विकेट 3776. पुढे फक्त विल्फ्रेड रोड्स.

निवृत्तीनंतर केंटमधल्या घराला त्यानं नाव दिलं 'डनबोलिन'. म्हणजे 'डन बोलिंग', झाली एकदाची बोलिंग! हे वाचून मी एकटाच मोठ्यांदा हसलो, तेव्हा बायको आतून विचारत आली.

दिवाळीत येतोयस ना? येताना तो शिवण उसवलेला लाल बॉल आण, मी विकेटकीपिंग करतो. गुडघे दुखतात, पण बसेन.

काकूंना नमस्कार.

तुझा,
बाळ्या