नळी लांब म्हणजे तोफ भारी असं नसतं

मा. संपादक,
रविवारच्या पुरवणीतला ब्रिटिश नौदलाच्या १५ इंची तोफेवरचा लेख वाचला, छान आहे, पण ‘नळी जितकी लांब आणि गोळा जितका फास्ट तितकी तोफ भारी’ हे त्यातलं म्हणणं अजिबात पटलं नाही. आधीची १२ इंची मार्क ११ तोफ ५० कॅलिबरची होती, म्हणजे नळी तोंडाच्या व्यासाच्या ५० पट लांब, स्पीड जबरदस्त, पण नळी आतून लवकर झिजायची. शिवाय मजबुतीसाठी नळीवर पोलादी तार गुंडाळायचे, त्या तारेने लांबीच्या दिशेने काही ताठपणा येत नाही, म्हणून नळी टोकाला झुकायची आणि नेम बिघडायचा. मग १३.५ इंचीपासून इंजिनिअरांनी उलटा विचार केला आणि १९१२च्या १५ इंची डिझाइनमध्ये तोच पुढे नेला, नळी ४२ कॅलिबर, स्पीड कमी आणि गोळा तब्बल ८७० किलोचा! जड गोळा लांबवर वेग टिकवून धरतो. जुलै १९४० मध्ये ‘वॉरस्पाइट’ या ब्रिटिश युद्धनौकेने याच तोफांनी इटलीच्या चालत्या युद्धनौकेला सुमारे २४ किलोमीटरवरून टिपलं. ही तोफ इतकी वर्षं का टिकली ते यातच आहे, तेव्हा पुढच्या पुरवणीत तेवढी दुरुस्ती नक्की छापा.
– एक वाचक