सोप्या भाषेतलं अ‍ॅप्लिकेशनसुद्धा खरंच असतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेसिक, पायथन ह्या प्रोग्रॅमिंगच्या शिकण्यापुरत्या भाषा आणि खरं अ‍ॅप्लिकेशन करायचं तर जावा नाहीतर सी प्लस प्लसच पाहिजे, हे इतक्या वेळा कानावर पडतं की नवीन मुलं ते गृहीतच धरून चालतात, म्हणून हे पत्र लिहितोय. मला हे अजिबात पटत नाही. ज्याला आपल्या कामापुरता प्रोग्रॅम सहज करता आला असता तो पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) आणि मेमरीच्या धड्यातच अडकतो आणि शेवटी नाद सोडून देतो, हे नुकसान कोणी मोजतच नाही.

बेसिक कोणासाठी केली ते बघा ना. 1964 साली डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी ती केली ती सायन्स-गणिताच्या बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही कॉम्प्युटर वापरता यावा म्हणून. पुढे 1975 मध्ये नामवंत संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रांनी लिहून टाकलं की बेसिक शिकलेल्यांना चांगलं प्रोग्रॅमिंग शिकवणं जवळपास अशक्य आहे. त्यांचा राग समजू शकतो, तेव्हा ओळींना नंबर देऊन गोटू (अमुक ओळीवर जा) या आज्ञेने कुठूनही कुठेही उडी मारायची पद्धत होती, प्रोग्रॅम मोठा झाला की कोण कुठून आलं काही कळायचं नाही. पण तोच शेरा आजच्या भाषांना चिकटवणं चुकीचं आहे, त्यांच्यात प्रोग्रॅमचे नीट भाग पाडायला फंक्शन आहेत, क्लास आहेत, मॉड्यूल आहेत, सगळं आहे.

आता पैशाचा हिशोब घ्या, कारण बहुतेक छोटी अ‍ॅप्लिकेशन त्याचीच असतात. पायथनमध्ये 0.1 आणि 0.2 मिळवा, उत्तर 0.30000000000000004 येतं, आणि लगेच लोक म्हणतात बघा, पोरखेळ. अहो जावाच्या डबल या दशांशी आकड्यांच्या प्रकारात पण हेच येतं! दोन्हीकडे डेसिमलचा वेगळा प्रकार वापरावा लागतो, आणि तो वापरायचा हे माहीत नसेल तर अवघड भाषा तुम्हाला वाचवत नाही. उलट व्हिज्युअल बेसिकमध्ये (मायक्रोसॉफ्टने बेसिकवरून केलेली भाषा) करन्सी नावाचा प्रकार आधीपासूनच होता, चार दशांश स्थळांपर्यंत चोख. आणि ती म्हणे नवशिक्यांची भाषा.

दोष आहेत, ते लपवायचे कशाला. व्हिज्युअल बेसिकमध्ये ऑप्शन एक्सप्लिसिट (प्रत्येक नाव आधी जाहीर करायची सक्ती) ही ओळ वर टाकली नाही आणि एका ठिकाणी एकूण आणि दुसरीकडे एकुण असं नाव पडलं, तर ती मुकाट्याने दुसरा रिकामा व्हेरिएबल, म्हणजे किंमत ठेवायची जागा, तयार करायची आणि बेरीज चुकली तरी एरर नाही. त्यात कोणी ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट (एरर आली तरी पुढची ओळ चालव) लिहून ठेवलं असेल तर विचारूच नका, आलेली एररसुद्धा गिळली जायची. पायथनमध्ये न दिलेलं नाव वाचायला गेलात तर तो तिथेच थांबतो, पण चुकीच्या नावात किंमत टाकलीत तर तोही काही बोलत नाही. म्हणून 2015 ला 3.5 व्हर्जनपासून आलेले टाइप हिंट (कुठल्या नावात कसली किंमत येईल ते लिहून ठेवणं) वापरा, आणि ते तपासणारं टूल व न वापरलेली नावं दाखवणारं टूल दोन्ही चालवा, हे पहिल्या आठवड्यातच शिकवायला हवं, ते शिकवतच नाहीत.

स्पीडचा मुद्दा मी फार मोठा मानत नाही, फॉर्म भरणाऱ्या अ‍ॅप्लिकेशनचा बराचसा वेळ माणसाची आणि डेटाबेसची वाट बघण्यातच जातो. गेम किंवा व्हिडिओ एडिटर करायचा असेल तर गोष्ट वेगळी. प्रोग्रॅम दुसऱ्याच्या मशीनवर पोचवणं मात्र पायथनमध्ये अजूनही कटकटीचं आहे, आणि मोबाइल अ‍ॅप करायचं असेल तर सरळ कोटलिन किंवा स्विफ्ट धरा, त्याही तशा शिकायला सोप्याच आहेत.

माझ्या मते खरी भीती वेगळीच आहे, भाषेचा मालक उद्या काय करेल ही. व्हिज्युअल बेसिक 6 आलं 1998 ला, 2002 मध्ये मायक्रोसॉफ्टचं डॉटनेट आणि त्यावरचं नवं व्हिज्युअल बेसिक आलं आणि जुना कोड तसाच्या तसा पुढे नेता येईना, लोकांना परत लिहीत बसावं लागलं. पायथनमध्येही 2 मधून 3 वर जायचा त्रास झालाच, पण 3 आलं 2008 मध्ये आणि 2 चा सपोर्ट 1 जानेवारी 2020 ला बंद झाला, म्हणजे अकरा-बारा वर्षं हातात होती आणि भाषेचा सोर्स कोडही सगळ्यांसाठी खुला होता. भाषा निवडताना हे आधी बघा, सोपी की अवघड ते नंतर.

तेव्हा एक विनंती आहे. तुमच्या पुरवणीत प्रोग्रॅमिंगबद्दल छापाल तेव्हा कोणती भाषा शिकल्यावर नोकरी मिळेल एवढंच देऊ नका, एखादं छोटं अ‍ॅप्लिकेशन घ्या, तेच दोन-तीन भाषांत करून कोड शेजारी शेजारी छापा, आणि नंतर त्यात एक बदल करायला किती ओळी हलवाव्या लागल्या तेही दाखवा.

आपला,
एक नियमित वाचक