सफरचंदं कापू नका

संपादक महोदय,

आपल्या नाताळच्या पुरवणीत इंग्रज चित्रकार विल्यम होल्मन हंट यांचं ‘द लाइट ऑफ द वर्ल्ड’ हे, हातात कंदील घेऊन बंद दार ठोठावणाऱ्या येशूचं चित्र पाहिलं. पाहिलं म्हणजे, तुम्ही ठेवलं होतं तेवढं. येशूचा चेहरा आणि काटेरी मुकुट, बस. दार नाही, कंदील नाही, पायाखालचं गवत नाही. अहिल्यानगरात माझं फोटो फ्रेमचं दुकान आहे. जागेत बसेना की कात्री कशी हातात येते, ते मला ठाऊक आहे. हेच चित्र मीही एकदा कापलं आहे.

अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून आमच्याकडे ख्रिस्ती घरं पुष्कळ. तीसेक वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका आईच्या वेळची प्रिंट फ्रेमला घेऊन आल्या. दुकानात एक तयार काच पडून होती, तिच्यात बसावी म्हणून मी खालचा दीड इंच उडवला. न्यायला आल्यावर बाई बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “अरे, सफरचंदं कुठं गेली?”

कुठली सफरचंदं? मी तर पाहिलीही नव्हती. बाईंनी मला स्टुलावर बसवून चित्र वाचायला लावलं. दार माणसाच्या मनाचं. बिजागऱ्या गंजलेल्या, चौकटीवर वेल चढलेला, उंबऱ्याशी रान माजलेलं, म्हणजे ते कधी उघडलेलंच नाही. वर वटवाघूळ. गळून पडलेली सफरचंदं बायबलमधल्या एदेन बागेत आदाम-हव्वेनं फळ खाल्लं, त्या पहिल्या पापाची आठवण देणारी, आणि कंदिलाचा उजेड नेमका त्यांच्यापर्यंत पोचतो. “आता कडी शोध,” बाई म्हणाल्या. मी काचेला नाक लावून शोधली. बाहेरून कडीच नाही. ठोठावणारा ठोठावतोय, उघडायचं ते आतल्यानंच.

१८५४ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत हे चित्र लागलं, तेव्हाही लोक न थांबता पुढे जात. कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी चित्राजवळ तासभर उभं राहून ते पाहिलं आणि ५ मेच्या ‘द टाइम्स’मध्ये पत्र लिहून एकेक खूण उलगडून सांगितली. म्हणजे या चित्रापायी संपादकांना त्रास देणारा मी काही पहिला नव्हे!

मूळ चित्र ऑक्सफर्डच्या कीबल कॉलेजात आहे. हंट यांनी म्हातारपणी, नजर अधू झाल्यावर मदतनीस घेऊन केलेली मोठी प्रत लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये. तिथवर जाणं आमच्या गिऱ्हाइकांना कुठलं जमायला? त्यांच्यासाठी प्रिंट हेच चित्र.

बाईंना मी दुसरी प्रिंट मिळवून दिली, पैसे घेतले नाहीत. कापलेली अजून गल्ल्यामागे टांगलेली आहे. पुढच्या नाताळला जागा कमी पडली तर चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं छापा, पण खालच्या सफरचंदांसकट छापा.

– एक फ्रेमवाला, अहिल्यानगर